वसूल

"वसूल झाले का?" खांबेटे काका जिन्यातच अडवतात.
एक लाख दहा हजार. एकशेवीस तास.
नारायण पेठेत कुकरच्या रिंगा विकणाऱ्या दुकानावर
दुसरा मजला, पंखा एक, आम्ही अकरा.

डिमेलो मॅडम सांगायच्या, फळ्याशी बोलू नका,
आणि प्रश्न विचारलात की सात सेकंद थांबा.
उत्तर त्यांचं आहे,
त्यांच्या तोंडातून ओढून काढू नका.

सर्टिफिकेट अप्पा बळवंत चौकात लॅमिनेट केलं.
कोपऱ्यात हवेचा एक बुडबुडा राहिला,
अंगठ्याने दाबला की दुसरीकडे सरकतो.

मग हनोईची मुलाखत. पहाटे साडेपाच,
वर कडक कुर्ता, खाली रात्रीचा पायजमा,
पाठीमागे खिळ्यांना टांगलेली चादर.
"कागद उत्तम," तो म्हणाला. "जन्म कुठला?"
तळेगाव दाभाडे.
"अस्सं."
आणि पगार सांगितला.

रोरीला ह्याच्या दुप्पट मिळतो तिथे.
कोरेगाव पार्कातून सायकलवर यायचा,
कोर्स अर्ध्यात सोडून गेला.
साधा भूतकाळ कुठे आणि पूर्ण वर्तमान कुठे
हे चहाच्या टपरीवर मीच त्याला समजावलं होतं,
बिस्किटं मांडून.

मी विचारलं,
"काम तेच, तास तेच, मग पगार अर्धा का?"
आणि थांबले.

एक. दोन.
खाली गेटवर दुधाच्या पिशव्यांचा क्रेट आपटला.
त्याने चष्मा काढला, पुसला.
चार.
पाचला घसा खाकरला.
माझ्या जिभेवर "इट्स ओके, सर" येऊन बसलं होतं,
मी दात मिटून घेतले.
सहा.

काका, जरा थांबा.
सात व्हायचेत.