अ‍ॅव्हरेज

अडतीसला घेतले, चोवीसला थोडे,
अकराला परत.
शाबी म्हणाली, भोक पडलेल्या घागरीत
पाणी ओतत राहायचं,
त्याला तुम्ही अ‍ॅव्हरेज म्हणता?

सांग्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान.
टेपखाली मोबाइल. काजं करता करता भाव बघतो.
ताळेबंद मला कळत नाही.
कापड कळतं: कुठे विरलंय,
कुठे नुसतंच चुरगळलंय.

म्हणून रविवारी दोन बस बदलून
कारखान्यावर गेलो, हात लावून बघायला.
गेटवर कोणी वेळीप, पायाशी कुत्रं.
चिमणी थंड. उसाचा वास तेवढा
पत्र्यांना धरून.
म्हटलं, मी शेअरहोल्डर.
तो उठला, खांद्यावरच्या टॉवेलने
खुर्ची पुसली, मला दिली.
नऊ महिने पगार नव्हता त्याला.

काट्याच्या खोलीत मुंग्यांची रांग
बंद यंत्राखाली शिरत होती,
बाहेर येत होती.
तोंडात काही होतं का, चष्म्यातून दिसलं नाही.

सोमवारी बाजार उघडला. दहा साठ.
पन्नास घेतले.
शाबीने विचारलं, पैसे कुठे गेले?
म्हटलं, बटणं आणली.