समासात

डिसेंबरात आमच्या छापखान्याला झोप नसते.
अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्समधली झाडंसुद्धा
गळ्यात पास अडकवून उभी वाटतात,
आणि रात्री साडेअकराला माझ्या टेबलावर
ओली मुद्रितं येतात, सकाळी सातला परत हवीत.

काल आली ती एका वाटेची होती.
गोरेवाड्याच्या पाळीवरून निघून
सातपुड्यात शिरणारी, चारशे बारा किलोमीटर.
तिला राष्ट्रीय दर्जा द्यावा अशी केंद्राकडे शिफारस,
आणि तोवर तिचं संरक्षण.

मी मुद्रितशोधक. बावीस वर्षं झाली.
मजकुराशी माझं देणंघेणं नाही,
ऱ्हस्वदीर्घाशी आहे.
खंड दोन, व्याख्या: 'मार्ग' म्हणजे
दीड मीटरहून अधिक रुंद नसलेली,
केवळ पायी जाण्याजोगी भूपट्टी.
'भूपट्टी'खाली मी रेघ ओढली,
मग खोडली. शब्द बरोबर होता.

अनुसूचीत गावं. पाटणसावंगी, पारशिवनी,
कोलितमाऱ्याचा 'लि' दीर्घ पडला होता,
तो ऱ्हस्व केला, आणि पेन तिथंच राहिलं.

दोन वर्षांमागं डॉक्टर म्हणाले, चालत जा.
मी जरा जास्तच चालले.
कोलितमाऱ्याच्या अलीकडं एका नाल्यात
झनकलाल कुमरे भेटला, दगडासमोर उकिडवा,
हातात पळसाच्या मुळीचा कुंचला,
शाळेच्या खिडक्या रंगवून उरलेला पिवळा डबा.
बाण काढत होता. गुडघ्याएवढ्या उंचीवर.
"इतका खाली कशाला?"
"थकलेला मानूस खालीच पाह्यते, बाई."
वाट तुम्ही काढली का, विचारलं तर हसला.
"वाट कोनी काढते काय? ते आधीचीच हाये.
मी रंग लावतो, कोनी चुकू नये म्हनून."

खंड अकरा, शास्ती.
सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून
मार्गावरील दगडावर वा झाडावर जो कोणी
चिन्ह रंगवील अथवा रंगवलेले असेल,
सहा महिने, किंवा पंचवीस हजार, किंवा दोन्ही.
तीनदा वाचला.
एक चूक नव्हती. अनुस्वारही जागच्या जागी.
इतकं शुद्ध लिहिलेलं मी क्वचित पाहते.

माझ्या हातात काय असतं?
एक लाल पेन, आणि दोन बोटं रुंदीचा समास.
'अथवा रंगवलेले असेल' याला कंस केला,
बाजूला लिहिलं: द्विरुक्ती?
सकाळी ठवकर साहेब आले,
एका हातात पोह्यांचा द्रोण, मिशीला तर्री,
"हो हो, काढा, जागा वाचते," म्हणाले
आणि सही केली.

भूतकाळ असा सुटला, चार शब्दांत.
भविष्यकाळ तसाच राहिला.
पिवळा रंग एका पावसाळ्यापुरता टिकतो,
दिवाळीनंतर झनकलाल पुन्हा डबा काढील,
आणि 'रंगवील' या क्रियापदात
मला कोणतीही द्विरुक्ती दाखवता येणार नाही.

शेवटच्या दिवशी ते कामकाजपत्रिकेवर सतरावं होतं.
बाराव्यावर गोंधळ झाला, चौदाव्यावर सभागृह उठलं.
ट्रकमध्ये फायली चढल्या, पास उतरले,
झाडं पुन्हा नुसती झाडं.
पुढं कधी येईल ते. किंवा येणार नाही.
आनंद झाला म्हणू की वाईट वाटलं,
याची शुद्ध प्रत माझ्यापाशी नाही.

आमच्याकडं उरलेल्या प्रती रद्दीत जातात.
मी एक ठेवून घेतली, नियमाविरुद्ध.
तिच्या अकराव्या खंडाशेजारी,
समासाच्या अगदी तळाशी,
मी एक बाण काढला आहे.
लाल आहे. पिवळं पेन आम्हाला मिळत नाही.