झोपलेले डोळे

गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर
दिवसभर मी दुसऱ्यांची मुलं मोजते.
मुलं नव्हेत अजून. चार पेशी, आठ पेशी,
पाचव्या दिवशी एक पोकळ थेंब.
चांगला, बरा, टाकाऊ, असे शेरे देते
आणि घरी येऊन हात तीनदा धुते.

कालिंदीचे हात धुऊनही निघत नाहीत.
पिंपळगावच्या नर्सरीत ती कलमं बांधते:
खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसनची काडी,
चीर, पाचर, वरून प्लॅस्टिकची पट्टी.
दिवसाला चारशे. तिच्या अंगठ्यावर
चाकूने आपली वेगळी भाग्यरेषा आखलीय.

रविवारी भांडी पुसताना तिला सांगितलं,
जपानात उंदराच्या पिल्लांना दोन बाप झाले.
एकाच्या शेपटीच्या कातडीतून अंडं घडवलं,
त्यात दुसऱ्याचं बीज.
‘मग?’
‘सहाशे तीस गर्भ रुजवले. सात पिल्लं.’
तिचं फडकं ताटावर थांबलं.
‘सहाशे तेवीस,’ ती म्हणाली.
नर्सरीत मेलेल्या कलमांची वही तिच्याकडेच असते.

‘आणि दोन आया?’
ते आणखी अवघड.
जनुकांवर ठसा असतो, कुणाकडून आलो याचा.
काही आईकडून आली की झोपून राहतात,
बापाकडची जागी असतात, त्यावर भागतं. काहींचं उलटं.
दोन आया म्हणजे
एका खोलीत दोघी गाढ झोपलेल्या
आणि बाहेर कुणीतरी दार वाजवतंय.
ठसे खोडून उंदरांत जमवलंय म्हणे. माणसांत नाही.

आमच्या अर्जात पतीच्या नावाचा रकाना आहे.
एकटी बाई चालते. दोघी चालत नाहीत.
दाता अनामिक हवा, म्हणजे तिच्या भावाचं
नाकसुद्धा उसनं घेता येणार नाही.
आणि ते नाक मला हवं होतं, खरं सांगायचं तर.
रक्ताचं काय घेऊन बसलात, असं डॉक्टर
जोडप्यांना समजावतात, तेव्हा मी शेजारी उभी राहून
दहा वर्षं मान डोलावलीय.
घरी मात्र मला तिची भुवई हवी,
रागावली की डावीच तेवढी वर जाणारी.

कातडीतून अंडी निघायला लागली
की मोजदाद राहणार नाही.
शंभर गर्भ, त्यातला एक. शेरे कोण देणार? मीच,
निर्यातीच्या मण्याला लावतात तशी कडी घेऊन:
अठरा मिलिमीटरच्या आत, बाजूला.
कुणाच्या उशीवरचा केस कुणी उचलला तर?
आणि ते एक मोठं होऊन विचारेल,
माझ्याआधी किती?
वही दाखवायची का त्याला?

म्हटलं, तू तर रोज दोघांचं एक करतेस.
‘छे,’ ती म्हणाली, ‘कलमात कुणी मिसळत नाही.
खुंट खुंटच राहतो, मणी थॉमसनचाच.
एकमेकांचं पाणी पितात, एवढंच.
ते लग्न. मूल वेगळं.’
मग जरा थांबून,
‘आणि आमची जातच बिनबियांची. तरी बघ,
ओझरपासून वणीपर्यंत दुसरं काही दिसतं का?’

मी हसले. ती हसली नाही.
‘ऑक्टोबर छाटणी झाली की काडीचे डोळे झोपलेले असतात.
आम्ही पेस्ट लावतो, मग एकदम फुटतात.
तसलं काही नाही का तुमच्याकडे?’
तेच तर शोधताहेत, मी म्हणाले.
‘हातमोजे घालतेस ना लावताना?’
‘घालते. नाहीतर कातडी सोलते.’
‘आणि जास्त झाली तर?’
‘डोळा जळतो.’

अंगठ्यावरची पट्टी ओली झाली होती.
तिने ती ओढून काढली. चिकटून आलेला
कातडीचा पापुद्रा दिव्यापाशी धरून पाहिला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि डब्यात टाकला.
रात्री पाणी प्यायला उठले.
डब्याचं झाकण उघडलं नाही.
उघडलं नाही, हे मात्र अजून लक्षात आहे.