जी अक्षराचा खंड

वाचनालयाला भेट आलेल्या इंग्रजी कोशाचे
तीनच खंड वाळवीने सोडले.
त्यातला जी अक्षराचा मी रोज उन्हाला काढते,
पानं खाऱ्या वाऱ्याने सुकटासारखी ताठ.

मेलेल्या शब्दाआधी तिथे एक बारीक क्रूस असतो.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात,
तो पहिल्यांदा कोणी, कुठे लिहिला, त्याचं साल.
जन्माचा दाखला आणि मृत्यूचा, एकाच ओळीत.
ग्रामपंचायतीत दोन खेपा लागतात.

परवा क्रूसामागे भेटलं: गॅलिव्हॅट.
जीभ दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा
नांगर सुटावा तशी सुटली.
अरे, हे तर गलबत!
आपलंच, हॅट घालून गेलेलं.
कधीकाळी कोणी घाबरलेला व्यापारी
सुरतेला पत्र धाडतो: कातळाआडून
पंधरा-वीस आली, वल्ह्यांची,
उथळ पाण्यातही पाठ सोडीनात.
स्पेलिंग भीतीनेच केलं असावं.
पुढल्या पत्रात दुसरं, त्यापुढे तिसरं.

खंड पिशवीत घालून खाडीपलीकडे नाट्याला गेले.
शमशुद्दीन सोलकर, एके काळचे तांडेल,
जाळ्याचा दोरा दातात धरून बसलेले.
वाचून दाखवलं. म्हटलं, मेलेला शब्द आहे.
"मेला असा कोन बोल्लान?
माज्या परसवात हाय. कोंबड्या निजतात त्यात."
खरंच होतं. अर्धंच. पालथं घातलेलं,
फळ्यांच्या फटीत तेल-चुन्याचा जुना लेप,
आणि एक खुडूक कोंबडी,
जिला संशोधनाचं काही नव्हतं.

मग दुसरा शब्द: ग्रॅब. तोही क्रूसाचा.
म्हटलं, गुराब. दोन-तीन डोलकाठ्यांची,
लढाऊ नौका होती म्हणे.
त्यांना आठवेना. त्यांच्या बापालाही आठवली नसती.
"गुराब?" दोरा दातातून सुटला.
"गुराब म्हंजे कावला. अरबीत.
कुराणात हाय. भावानं भावाला मारलान,
न् मुडद्याचा काय करायचा ता म्हायत नाय.
तवा अल्लानं कावला धाडलान.
तो माती उकरीत बसला.
पुरायला मानसाला कावल्यानं शिकवलान."

मी गप्प.
आमच्यात पिंडाला तोच शिवावा लागतो.
नाहीच आला तर दर्भाचा करून भागवतात,
पण कोणाचं मन लागत नाही जेवणात.

तर एवढ्या तोफांच्या नौका,
नाव कावळ्याचं,
आणि ते नाव पुरलं कोणी, परमुलखात, सुबक टाइपात.
शिवायला इकडून कोणी गेलंच नाही.

संध्याकाळी वाचनालयाचं दार लोटून
शेवटच्या अवतरणाखाली, जिथे सालं संपतात,
पेन्सिलीने लिहिलं:
साखरी नाटे, मंगळवार, दुपार.
श. सोलकर, तोंडी. जाळं विणताना.

पुस्तकावर लिहिण्यास मनाई आहे.
पाटी मीच रंगवलेली.
दंड पाच रुपये. पावती फाडली,
नाव घातलं: शालन आडिवरेकर, ग्रंथपाल.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं: कावळा शिवला.

वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.