एकवीस लाखांची तूट

पर्वरीत, रात्रीचे आठ. तूट उरली एकवीस लाख.
केंकरेसाहेब म्हणाले, फेणीवर चढवू?
मग स्वतःच: नको, काजूचा मोसम,
भट्ट्या पेटल्यात, डोकीही पेटतील.
खाणीचे पैसे कागदावरच तांबडे.
कॅसिनोची थकबाकी कोर्टात.

पेन्सिल उतरत गेली खाली, आणखी खाली:
नदी परिवहन, सांपेद्र–दिवाडी,
रात्रीची शेवटची खेप.
मीच खोडली.
ताळा बसला. साहेबांनी चहा सांगितला.

धक्क्यावर पोचलो तर
तांडेल फिलोमेन दोर धरून उभा:
"तुज्याखातीर रावलों रे."
पायी माणसाला भाडे नसते.
कठड्याला टेकलो. एक एप्रिलला
अजून बारा दिवस होते.
मी दिवाडीचाच,
हे टिपणीत कुठे लिहायचे?