नालांची वही

साडेदहाला दप्तरखान्यातला पंखा चालू होतो
आणि मी रुमाल सोडते.
आजच्याला क्रमांक नाही, चिठ्ठी वाळवीनं खाल्लीय.
आत एकच वही:
इभ्राम नालबंद, मुक्काम पन्हाळा,
घोड्यांच्या नालांचा हिशेब.

मोडीत आधी आडवी रेघ ओढतात
कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
मग अक्षरं तिला टांगतात.
दोन शब्दांत जागा सोडत नाहीत.
कुठं तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.
बावीस वर्षं मी तोडतेय,
पगार त्याचाच.

पान एक. सेनापतींची पागा, घोडे तीनशे बारा,
नाल बाराशे अठ्ठेचाळीस, खिळे वेगळे.
भीमेकडं कूच.
खाली बारीक अक्षरात:
सरदारांनी दूधभातावर हात ठेवून शपथ घेतली,
उरलेला भात पागेत वाटला.

पान दोन. परत आले घोडे अडतीस.

मधलं पान गळालं असेल म्हणून
मी शिवण तपासली. गळालेलं नाही.
लढाईबद्दल एक ओळ नाही वहीत.
पुढं फक्त एवढं: बाकीचे मेले नाहीत,
पलीकडं गेले, सेनापतींसकट.
आणि त्यांच्याबरोबर ऐरण घेऊन
धाकटा भाऊ दाऊद.

पान सात, पान अकरा, पान चौदा.
‘सेनापती’ हा शब्द जागेवर आहे,
खालचं नाव खरवडलेलं, वर दुसरं,
तेही खरवडलेलं.
तिसऱ्या नावापाशी कागद इतका झिजलाय
की खिडकीशी धरला तर
आरपार रिक्षा स्टॉप दिसतो,
आणि चौगुल्यांची चहाची किटली.

वारणेच्या अलीकडं-पलीकडं चकमकी.
दोन्ही छावण्यांत आरोळी तीच, देव तेच,
भाकरीला खर्डाही तोच असणार.
पाडाव केलेली घोडी इभ्रामपुढं येतात.
तो खूर उचलतो, मांडीवर घेतो, लिहवतो:
उजवा मागला, सहा खिळे, सातव्याची जागा रिकामी.
हात दाऊदचा.
पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा:
हात दाऊदचा, खिळा तिरपा, घाईत मारलेला.
चौथ्या साली:
हात दाऊदचा. लोखंड वाईट मिळते त्याला.

टपाल नव्हतं दोघांत. हेच टपाल.
शत्रूचा घोडा जिंकला की भावाची खुशाली.
हरले की काहीच कळायचं नाही.
(मनातून त्याला कोण जिंकावं असं वाटत असेल,
हे हिशेबाच्या वहीत कुठं लिहिणार.)

मग एका पानावर घोडी सतरा.
सतरा वेळा लिहिलंय: हात अनोळखी.
मजुरी घेतली नाही.

आणि त्याखाली, शाई बदललेली,
कोपरा फाटलेला, एकच ओळ, एका दमात:
दाऊदनमारिला

मोडीत अनुस्वार बहुधा गाळतात.
दाऊद न मारिला, असं तोडलं
तर तो जगला.
दाऊदनं मारिला, असं तोडलं
तरी तो जगला,
पण कुणाला तरी मारून,
आणि ते नाव फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलं.

पुढची पानं सपाट.
नदी हद्द ठरली, अलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं.
घोडे नाहीत. बैलांना पत्र्या ठोकल्या, जोड्या नऊ.
सेनापतींच्या जागी काहीच लिहिलेलं नाही,
खरवडलेलंही नाही.

छापील तक्त्यात मला रकाने भरायचेत.
विषय: लष्करी.
पक्ष: इथं पेन थांबतं.
चौगुले म्हणतात, बाई, डबा गार झाला,
तीनशे वर्षं थांबलंय ते, अर्धा तास थांबेल.

मी ती ओळ देवनागरीत उतरवते
जशी आहे तशी, न तोडता.
संध्याकाळी मसूरकर साहेब
तिच्याखाली लाल रेघ मारतील,
टंकलेखनाची चूक म्हणून.