बांधणी

माझं दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर,
एल आल्तोत, जिथं हवा इतकी विरळ
की झेरॉक्सचं यंत्रही शंभर पानांनंतर धापा टाकतं.
अठरा वर्षं प्रबंध बांधतोय,
वाचला एकही नाही.
वाचायचे पैसे कोण देतं?

निएवेस चोके पहिल्यांदा आली तेव्हा
पाठीवर पट्टेरी कापडात पोर झोपलेली
आणि हातात मजकूर दहा पानांचा.
“एवढाच?”
“आज एवढाच.”
तिनं काचेवर नाणी मोजून ठेवली,
नखांत बटाट्यांची माती.

मग दर गुरुवारी दहा पानं.
कधी सात. एकदा तीन.
तीन म्हणजे आईचं डायलिसिस, हे मला मागाहून कळलं.
ऑगस्ट आख्खा कोरडा गेला:
भावाला पोलिसांनी धरलं होतं,
जामिनात तिचा लॅपटॉप गेला.
सप्टेंबरात ती वही घेऊन आली, हातानं लिहिलेली,
माझ्याच कॉम्प्युटरवर उभ्यानं टाइप करत बसली.
बसली कसली, उभीच होती,
बसलं की पोर उठायची.

नवरा चिलीत द्राक्षं तोडायला गेलेला.
फोन येत होता तोवर येत होता.

त्रेचाळिसावं पान यंत्रात अडकलं.
ओढून काढताना नजर गेली:
*रात्री दोन ते चार कुणी पाणी वापरत नाही,
म्हणून गळती त्याच वेळी ऐकू येते.*
म्हणजे ही बाई वरच्या वस्तीतल्या रस्त्यांवर
मध्यरात्री, पाणी गोठायच्या थंडीत,
लोखंडी सळई पाइपाला लावून
दुसरं टोक कानाशी धरून वाकलेली?
“आणि पोरगी?”
“वायरा? ती त्या वेळेला जागीच असते.
मग म्हटलं, चल.”

तिसरं पान, ऋणनिर्देशाचं, तिनं तीनदा छापलं.
पहिल्यात नवऱ्याचं नाव सगळ्यात वर.
दुसऱ्यात नाहीच.
एका पानाचे पैसे वेगळे पडतात, मी म्हटलं,
तिनं मुकाट्यानं दिले.
तिसऱ्यांदा आली ती जमा करायच्या आदल्या संध्याकाळी.
नाव परत होतं.
शेवटच्या ओळीत: पहिल्या सत्राची फी.
मी काही विचारलं नव्हतं,
पण भुवई उचलली असणार.
ती म्हणाली, “काका, आत किती पाणी आलं
ते लिहावंच लागतं.
नाहीतर गळालं किती, ते कसं काढणार?”

तोंडी परीक्षेच्या दिवशी
तिनं वायराला माझ्या काउंटरवर ठेवलं,
चाळीस मिनिटांसाठी.
आठव्या मिनिटाला पोरीनं भोकाड पसरलं.
कागदाचं रिकामं खोकं दिलं, नको.
स्टेपलर दिला, काढून घेतला.
शेवटी ते पट्टेरी कापड पाठीवर घेऊन पाहिलं.
बांधणं माझा धंदा आहे हो,
कापडी, पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची,
पण ती छातीवरची गाठ काही जमेना.
गिऱ्हाईकं हसायला लागली.
वायराही हसली, तेवढं बरं झालं.

निएवेस दीड तासानं आली.
पास झालीस का, असं विचारायचं राहूनच गेलं,
कारण तिनं आल्या आल्या
पोरीला उचललं, कापड झटकलं,
एका हिसक्यात पाठीवर घेतलं, गाठ मारली
आणि मग तशीच उभी राहिली भिंतीला टेकून,
डोळे मिटून.
यंत्र चालूच होतं. मी ते बंद केलं.

“किती झाले?” तिनं विचारलं.
तिसऱ्या पानाची तिसरी प्रत मी धरली नाही.
तिनं हिशोब तपासला आणि ती धरायला लावली.

एक प्रत माझ्याकडे राहिली, कडा तिरकी कापली गेलेली.
हिवाळ्यात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा उघडली.
एक्क्याऐंशीव्या पानावर नकाशा आहे,
त्यावर लाल ठिपके,
आणि त्यातला एक, नीट पाहिलं तर,
माझ्याच दुकानामागच्या नळावर.
तिनं कधी सांगितलं नाही.
रात्री दोनला उठून गेलो, कान लावला.

होय. गळतंय.